अर्धं नाव

मिरजेच्या दवाखान्यात डागदरानं
माझा डावा हात उजेडात धरला,
मनगटाची शीर दाबून, सोडून बघितली.
म्हनला, मावशी, जिभेला हितलं कातडं लावनार,
पर हितं गोंदलंय. चालंल?

मी म्हनलं, जिभंचं इचारलं न्हाई कुनी,
गोंदनाचं काय इचारताय.

लगीन झालं त्या साली, तासगावच्या रथाच्या दिशी
गोंदनारनीनं मनगटाकडनं सुरू केलं व्हतं.
रंगराव.
रं वरच्या टिंबाला तीनदा सुई टोचली तिनं.
तोंडानं ते नाव मी कधी घेतलं न्हाई.
रेशनच्या दुकानात इचारलं तरी
हात म्होरं करायची, वाचा म्हनायची.

शुद्धीवर आले तवा
राव हातावर व्हता,
रंग जिभंत गेला व्हता.
हाताच्या खड्ड्याला मांडीचं ठिगळ.

आरशात दिसतो अजून. हिरवट, उलटा,
र चं पोट सुजल्यावानी,
आनि वर बारीक लव.
जिभेला केस आलेली बाई
तुमी बघितली नसंल.

सा म्हैन्यांनी बेदान्याच्या शेडवर गेले.
बायकांनी मला बघून मशेरीच्या डब्या ओच्याखाली सारल्या,
दुपारच्याला परत काडल्या.
वास आला मला. वास येतो.
शेठ म्हनला, निवडायला बस, तोंडाचं काय काम हितं.
खरं हाय,
पर बोलन्याबिगर दीस सरत न्हाई शेडवर.
माझी लाळ आधी येती, शबूद मागनं,
म्हनून मांडीवर टावेल.
इंदुताई म्हनती, परत बोल. गिरजा म्हनती, कळलं कळलं.
कळलेलं नसतं.

नंनंदंच्या पोरीच्या लग्नात पंगतीला बसले न्हाई.
मागल्या दाराला, भिताडाकडं तोंड करून
भांड्यानं कढी पीत व्हते.
हे आले, पालथ्या घमेल्यावर बसले,
जिलबी मठ्ठ्यात कुस्करली, म्हनले, बघ जरा.
उजव्या कडंला गोड लागलं.
रंगाच्या अंगाला काय बी न्हाई.
तरी वाटी पुसून खाल्ली.

तपासनीला गेलं की एक पोरगी कागद घिऊन बसती.
चावता येतं का, गिळता येतं का,
लोकांत जायाला लाज वाटती का.
एक ते पाच, आकडा सांगा, आजी.
मी म्हनते, तीन.
सगळ्याला तीनच कसं, म्हनती.
आगं, बेदाना निवड कवा तरी.
मधलाच माल जास्त निघतो,
आनि त्यो बी इकतो.

बोलायला शिकवनारी बाई येगळी.
र म्हना. र, र, र.
जीभ वर जात न्हाई, नुसता ल येतो.
घरातल्या मान्साचं नाव घ्या, ती म्हनली,
सवयीचं असतं, सोपं जाईल.
हे बाजूला बसले व्हते, मांडीवर
फाइलीची पिशवी.
पस्तीस वर्सं.
पंख्याचा आवाज तेवढा येत व्हता.

लंगलाव, मी म्हनलं.

बाई हसली न्हाई.
ह्यांनी टोपी काडली, परत घातली,
आनि लांब शेतातनं हाळी आल्यावानी
मोठ्यांदा म्हनले,
ओ.

यष्टीत कंडक्टरनं इचारलं, कुठं?
हे बोलतील म्हनून मी थांबले.
हे खिडकीतनं बाहीर बघत बसले, मुद्दाम.
सांगितलं. त्याला कळलं न्हाई.
परत सांगितलं. मागच्या बाकावरची बाई
मान वाकडी करून बघाया लागली.
पदर सारला आनि तिसऱ्यांदा
तोंड उघडून, सावकास, तासगाव.
एक फुल, एक हाफ, कंडक्टर म्हनला
आनि म्होरच्या बाकाकडं वळला.