शेऱ्याच्या रकान्यात

निर्लेखन समिती वाळपईच्या शाळेत आली
तेव्हा तो मी टेबलावर उघडून ठेवला होता.
मिटला की ब्रीफकेस. राखाडी. आठ किलो,
कागदावर सात.

हात उभा केला की डोकं वर येतं,
दिवा त्या डोक्यातच.
मोठ्या प्रोजेक्टरचा उजेड खालून निघतो,
ह्याचा वरून पडतो, आरशावर आपटतो
आणि आल्या वाटेनं परत जातो.
मधली पारदर्शिका जरा जरी फुगली
की चित्र दुहेरी.
"डासाला बारा पाय!" केरीची पोरं खिदळली होती.

पर्येकर, चष्मा कपाळावर:
"टिकाऊपणा?"

मूठ आधी गेली, दुसऱ्याच महिन्यात,
झर्म्याच्या साकवावर.
ज्यानं ती आखली त्याच्या मनात
गाडीपासून टेबलापर्यंतची वीस पावलं असतील.
मी तिथं म्हशीचं दावं बांधलं. ते अजून आहे.

मग बिजागरी. भाषण लांबलं की हा मान टाकायचा,
सायकलचा वॉशर घातला तेव्हा ताठ झाला.
पंखा खरखरतो. नर्सबाई एस्पेरांस
त्याच्यावर आवाज चढवून बोलायच्या.
आरशावर ओरखडे आहेत, कारण एका पोराला वाटलं
नदीतला तांबडा गोटा ठेवला तर भिंत तांबडी होईल.
काळीच झाली.

"आणि हा खटका कसला?"

आत दिवे दोन आहेत, शेजारी शेजारी.
एक गेला की हा सरकवायचा.
एकदाच लागला, देवळाच्या मंडपात,
वीज पुजाऱ्याच्या घरातून ओढलेली.
नर्सबाई म्हणाल्या, "आणि त्या साचल्या पाण्यात"
काळोख
खट्
"अळ्या होतात."
कुणाची मान वळायच्या आत.

कंपनीचं नाव झिजून गेलंय, विचारू नका.
पण हा खटका ज्याला सुचला
तो कधीतरी भरल्या वर्गापुढं
विझल्या दिव्याशेजारी उभा राहिला असणार,
तोंडात अर्धं वाक्य घेऊन.

पर्येकरांनी छापील रकाने भरले.
आराखडा: साधारण. टिकाऊपणा: कमी.
शेऱ्याला दोन ओळींची जागा होती.
त्यांनी दावं ओढून पाहिलं,
खटका इकडे केला, तिकडे केला,
मग लिहिलं: दुसरा दिवा चालू आहे.

आणि मान वर न करता,
"पुढचं काय? पृथ्वीचा गोल?
आणा."