शेवटचे आठ

अठरा वर्षं मी खोटं बोलत आले.
'शेवटचे आठ,' म्हणायचे,
आणि आठ झाले की पुन्हा आठ.
कोणी कधी पैसे परत मागितले नाहीत.

इन्व्हरकार्गिलला जुलैत पावणेसहा म्हणजे मध्यरात्रच.
गाडीच्या काचेवरचा बर्फ
जिमच्या जुन्या कार्डानं खरवडायचा,
पाठीत दक्षिणेचा वारा,
वाटेत एकही घर न लागता थेट आपल्यापर्यंत आलेला.
हॉलचे दिवे लागायला वेळ घेतात.
तोवर अंधारात पायऱ्या मांडायच्या,
चोवीस, तिरप्या रांगेत.

मांडायच्या. आता नाहीत.

बदलाला मी भीत नाही.
दर तीन महिन्यांनी नवा खोका यायचा,
नवी गाणी, नवे मोजे,
आणि मी ओट्यापाशी डावा-उजवा करत बसायचे,
ॲलिस्टर चहाची किटली घेऊन
माझ्या तालात बाजूला व्हायला शिकला होता.
पण या वेळी खोक्यासोबत पत्र आलं.
पायऱ्या बाद. पन्नास मिनिटांची तीस.
मोजायचं नाही, मोजण्यानं म्हणे लोक बिचकतात.
पायऱ्या विंटनच्या एका गोठेवाल्यानं नेल्या.
त्याची बुटकी बायको
आता त्यावर उभी राहून दूध काढायचं यंत्र लावते.
बरं झालं. कुणाची तरी उंची वाढली.

शुक्रवारी आम्ही तिघं गाडीत बसलो होतो,
मांडीवर मासे आणि बटाट्याच्या गरम पुड्या,
काचा वाफेनं आंधळ्या.
'मरू दे,' फर्गस म्हणाला,
त्यातला र इकडच्या माणसांसारखा
लांबवर घोळवत.
तो सोडणार. बोलून मोकळा झाला
आणि माझे बटाटे खायला लागला.
मेरेआना म्हणाली,
'माझा एक गुडघा हो म्हणतो, एक नाही.'
मग दोघंही माझ्याकडे बघत राहिले.
मी व्हिनेगर शोधत होते.

माझा राजीनामा मार्चपासून फोनमध्ये आहे.
दर आठवड्याला त्यातली तारीख तेवढी बदलते.

मंगळवारी अकराजण आले. पूर्वी चाळीस असत.
इझोबेल मॅकर्सी खांबापाशी,
तिथेच, जिथे ती पहिल्या दिवसापासून उभी राहते.
वय शहात्तर.
जन्मभर मटणाच्या कारखान्यात हिशेब लिहिले,
त्यामुळे मोजू नका म्हटलं
तर ती ओठांत मोजते.
नवं गाणं लागलं. मी उडी दाखवली.
तिनं पाय उचलला
आणि नसलेल्या पायरीवर ठेवला.
नीट, टाच आत घेऊन,
अठरा वर्षं मी ओरडून शिकवलं होतं तसा.
दुसरा पाय वर. मग एकेक खाली.
सपाट लाकडी जमिनीवर
ही बाई चढत होती, उतरत होती.

तिच्या मागे टवीटा म्हणून एक पोरगा,
पहिलाच दिवस, बूट कोरे, लेबल अजून चिकटलेलं.
माझ्याकडे बघून त्याला काही उमगेना,
तेव्हा तो इझोबेलकडे बघायला लागला.
पाय वर, ठेव. दुसरा वर. खाली.
त्याला वाटलं, हीच नवी स्टेप.
मग त्याच्या शेजारच्या नर्सलाही तसंच वाटलं.

मी दुरुस्त करायला हवं होतं.
दाराच्या काचेतून मॅनेजर डोकावला असता,
तर काय सांगणार होते?
माइकमध्ये नुसता माझा श्वास जात होता,
फोन स्टिरिओपाशी पालथा पडला होता,
आणि गाणं संपायला अजून बराच वेळ होता.

'शेवटचे आठ!' मी म्हटलं.

इझोबेलनं खांबापासून मान वळवून
माझ्याकडे असं पाहिलं,
की एवढ्या वर्षांत
तिनं एकदाही विश्वास ठेवला नव्हता.