कच्चं दूध

सकाळी आठ, रात्री आठ.
बारा वर्षं माझा दिवस या दोन आठांना
दाव्यानं बांधलेला.
गोळी चुकली की अंगाला आठवतं,
आत राहतोय तो पाहुणा आहे.

आणि पाहुणा म्हणजे खराच पाहुणा,
राजमतीचा धाकटा भाऊ, शिरोळचा धनपाल.
त्याच्या यकृताचा सातशे वीस ग्रॅम तुकडा.
उद्यमनगरात मी जन्मभर बीड तोलत आलो,
हे वजन कुठल्या काट्यावर घालायचं
मला अजून कळलं नाही.

तीन महिन्यांत दोघांचंही वाढून पुरं होईल,
डॉक्टर म्हणाले होते. झालं.
बाकीचं त्या वेगानं वाढत नाही.
राजमती अजून दारात येऊन थांबते
मी चपला काढेपर्यंत,
विचारत काही नाही,
एकदा खोल श्वास घेते
आणि आत जाऊन कुकर लावते.

तिसऱ्या वर्षी खंडेनवमी.
लेथला हार, भट्टीला हळदकुंकू,
पोरांनी पत्र्यामागं लपवलेला खोका.
दोनच, असं मी स्वतःला सांगितलं,
मग मोजायचं सोडलं.
मी कुणाला बोललो नाही.
दहा दिवसांनी पुण्यात रक्त बोललं,
बोटाएवढ्या नळीतून.
डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडं फिरवला
आणि पेनाला टोपण लावलं. एवढंच.

त्या रात्री धनपाल मोटारसायकलवर आला.
जुना पैलवान, मानेचा घेर अजून तसाच.
मी गाल पुढं करूनच बसलो होतो.
"चला दाजी," म्हणाला.

गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या.
समोर धार काढतात, फेसासकट देतात,
कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला
हे काय सांगायचं.
त्यानं अर्धा लिटर एका दमात संपवलं,
दुसरा ग्लास भरून घेतला.
"तुमास्नी कच्चं चालत न्हाई न्हवं?"
"न्हाई."
"मग धरा नुस्ता."

मी धरला.
काठोकाठ, म्हशीच्या अंगाइतका गरम.
फेस बसला, वर साय धरू लागली,
लोक येऊन पिऊन गेले.
निवल्यावर त्यानं माझ्या हातातून घेतला
आणि पिऊन टाकला.
परत जाताना बोलला फक्त पेट्रोलबद्दल.

तेव्हापासून दर महिन्याला एकदा.

आमच्या वॉर्डात त्या साली सहाजण होतो.
एकाची सांगलीजवळ रोपवाटिका आहे,
डाळिंबाची कलमं करतो, आजोबा झालाय.
एकानं पुन्हा थेंबाला शिवलं नाही, पण मावा सोडला नाही,
जिभेच्या कडेनं गेला.
दोघांचे फोन लागत नाहीत.
मुकुंद पुन्हा प्यायला आणि गेला,
आईचं यकृत घेऊन.
आई आहे.
तिचं पुरं वाढलेलं आहे.
तिला भेटायला मी दोनदा निघालो
आणि दोनदा जयसिंगपूरच्या स्टँडवरून
परत आलो.

माझी फाइल उत्तम आहे म्हणतात.
यकृत उत्तम.
किडनी जरा मागं पडलीय,
साखर वर,
कानाच्या पाळीचा एक तुकडा काढून तपासायला गेला होता.
औषधानं बोटं कापतात,
मायक्रोमीटर आता पोरगा धरतो.

परवा कट्ट्यावर धनपालनं ग्लास दिला.
त्याचाही गुडघा गेलाय, टेकून उभा होता,
सदऱ्याखाली हॉकी स्टिकसारखी ती खूण,
माझ्याही पोटावर आहे तीच,
एकाच हाताची शिवण.
दूध माझ्या हातात हललं,
काठावरून ओघळून त्याच्या मनगटावर आलं.
मी त्याच्याकडं पाहिलं.
"गोळीनं व्हतंय," मी म्हणालो, न विचारता.
त्यानं मनगट सदऱ्याला पुसलं.
म्हशीचा मालक बादली विसळत होता.

"ठावं हाय," म्हणाला.
मग घड्याळ बघितलं.
"आठला पाच कमी हायती, दाजी.
पाण्याची बाटली आणलीया न्हवं?"