कुठले सहा

नर्स माग्नहिल्डने वही दिली :
वेळ लिही, डावी की उजवी, किती मिनिटं.
दोन दहा, डावी.
तीन पाच, पुन्हा डावीच, उजवीला ठणका.
चार... पुढे नुसती रेघ घसरत गेलेली,
पेन हातात, डोळा लागलेला.

वार्डोत जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य नाही.
खिडकीत बंदराचा पिवळा दिवा,
दुपारी तीनला तोच, पहाटे तीनलाही तोच.
आस्लाकला मी कशाच्या जोरावर सांगू,
की बाळा, आता रात्र आहे?

संध्याकाळी तर तो सोडतच नाही.
पितो, पेंगतो,
पाळण्यात ठेवलं की किंचाळतो,
लाकडाला काटे फुटल्यासारखा.
सासू फोनवर : दूध पुरत नसेल गं.
मी लंगोट मोजते. सहा ओले.
पुरतंय.

आयनार खेकड्यांच्या बोटीवर,
त्यालाही दोन-दोन तासांचीच झोप.
मेसेज येतो : जागी आहेस?
हे काय विचारणं झालं.

आज वहीत काहीच लिहिलं नाही.
मुठीतून माझं बोट सुटलं,
ओठ अजून चोखताहेत, रिकामेच.
टाळू लुकलुकते आहे.

खाली बर्फ काढणारा ट्रॅक्टर गेला.
म्हणजे सहा वाजले.

कुठले सहा?