नऊ इंची

वेंगुर्ल्यात मी घड्याळं दुरुस्त करतो.
माझ्या हाताखालून जातं ते सगळं नाव सांगून जातं:
तबकडीवर नाव, पाठीवर नंबर,
आतल्या चकतीवर मुंगीएवढ्या अक्षरांत गाव.
म्हणून असेल,
मुकी भांडी मला झोपू देत नाहीत.

ही बरणी शिरोड्याच्या आठवडा बाजारातली.
सुक्या बांगड्यांच्या टोपलीला टेकू होती.
"दीडशे द्या आनि घेवन जावा," गुलाब तांडेल म्हणाली.
कुणाची?
"सासूची."
आणि तिच्या आधी?
"तिच्या आधी बांगडे हुते."

घरी आणून उपडी घातली.
बुडाला काही नाही. शिक्का नाही, आकडा नाही,
ओरखडासुद्धा विचार करून ओढलेला नाही.
डोळ्याला भिंग लावलं.
तपकिरी कांती, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची,
एका अंगाला काळवंडलेली,
समुद्राकडच्या अंगाने सुरू करपतो तशी.
नखाने वाजवली: कासं नाही, मडकंही नाही,
बंद दाराआडून कुणी "हो" म्हणावं तसं काही.
बुडाच्या कोऱ्या कडेला जीभ लावली.
बायकोने पाहिलं, बोलली नाही.
जीभ चिकटली नाही, म्हणजे कडक भाजलेली.
चव मात्र बांगड्याची.

मग मी गलबतं बोलावली.
वहीत 'मूळ' या शब्दापुढे पेन्सिलने लिहिलं: मर्तबान.
खोडलं. लिहिलं: चीन, दक्षिण किनारा,
डचांच्या वखारीसाठी उतरवलेला माल.
त्या रात्री माझी दीडशे रुपयांची बरणी
भाताच्या तुसात बसून तीन समुद्र ओलांडत होती.
पुण्याच्या एका जाणकाराला फोटो पाठवले.
उत्तर आलं: सांगता येत नाही,
पण फार आशा ठेवू नका.

इनास लोबो आला तो घड्याळाचा पट्टा बदलायला.
वय अठ्ठ्याऐंशी. मळेवाडच्या वाटेवरचा पाइपांचा कारखाना
चालू होता तोवर भट्टीवर होता.
बरणी पाहिली आणि पट्टा विसरला.
"ह्यो पाइप," म्हणाला.
मला वाटलं, दिसत नसेल त्याला.
"नऊ इंची. ओलो आसताना कापलेलो.
खाली बूड लायला, वर गळो काढलो."
आणि ही कांती?
"मीठ. शिरोड्याचा.
भट्टी लाल झाली काय फावड्यान आत मारूचा."

मी उठून पायरीशी गेलो.
नगरपालिकेचं गटार, तिसऱ्या फरशीखाली फुटका पाइप.
तेवीस वर्षं तो ओलांडून मी दुकान उघडतो.
तीच साल. तोच तपकिरी.
पट्टी लावली. नऊ.

मग शिक्का का नाही, इनास?
तो हसला, वरच्या दोन दातांनी.
"शिक्को मारतलो कोण?
माती मालकाची, भट्टी मालकाची,
आगीत टाकलेला मीठसुद्धा मालकाचा.
आमची फक्त सांज."

हसता हसता त्याने बरणीचा कान चाचपला.
जिथे ओली माती दाबून चिकटवली होती
तिथल्या खळग्यात आपला अंगठा ठेवला.
मावला नाही.
डावा ठेवून पाहिला.
"माझो न्हय. ह्यो बारीक."
बराच वेळ बोट तिथेच.
"बायलो माती व्हायत. घडवूक देयत नाय हुते,"
तो म्हणाला.
मी विचारलं नव्हतं.

नाव माहीत असावं त्याला.
पट्ट्याचे साठ रुपये मोजून ठेवले, निघाला,
घड्याळ काउंटरवरच राहिलं,
हाक मारून परत बोलवावं लागलं.

वहीतलं पेन्सिलीचं सगळं मी खोडून टाकलंय.
कागद तिथे पातळ झालाय.
उजेडाला धरला तर
मागच्या पानावरच्या कपबशीचं मूळ
त्यातून उलटं दिसतं.