शेंग धरू देऊ नकोस

एडविन हेपल गुडघा बदलून घ्यायला गेला
आणि जाताना माझ्या दाराच्या फटीतून
पाकिटाच्या पाठीवर लिहिलेला जुलै सरकवून गेला.

मी बस चालवते. मॉर्पेथ ते न्यूबिगिन, परत मॉर्पेथ.
माझ्या खिडकीत एक निवडुंग आहे, तोही प्लास्टिकचा.

तरी इथे पहाटे चारला उजाडतं,
समुद्राकडून आलेलं धुकं कोबीवर बसलेलं असतं,
मी ड्यूटीच्या बुटांतच त्याच्या वाफ्यांत शिरते.
पाकीट म्हणतं:
पाणी मुळाशी. पानांवर नाही.
आणि घाईत असशील तर घालूच नकोस,
वरवर भिजवलं की मुळं वर येतात
आणि मग उन्हात फसतात.

सुकलेले गुलाब खुड, पाच पानांच्या पेरापर्यंत.
आयरिसचे कंद उपट, मोड, पानं पंख्यासारखी छाट,
पाठ उघडी राहील असे पुन्हा लाव.
त्यांना उन्हात पाठ शेकायला आवडतं.
खाणीतून वर आल्यावर आम्हालाही आवडायचं.

अख्ख्या पाकिटावर एवढंच एक वाक्य बिनकामाचं.

डेलियाच्या काठीवर उपडी कुंडी, आत वाळकं गवत.
रात्रभर पाकळ्या कुरतडून किडे तिथे झोपायला येतात.
पहिल्या दिवशी मी आत डोकावले:
चिमट्यासारख्या शेपट्या, एकमेकांना खेटून,
शुक्रवारच्या शेवटच्या फेरीतले प्रवासी जसे.
त्यांना रुळांपलीकडे सोडून आले.
दुसऱ्या दिवशी तेवढेच.
बहुतेक तेच.

मग ते काम, जे मी तीन दिवस टाळलं.
मधली कळी ठेव, बाजूच्या दोन काढ.
प्रदर्शन ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी.
काढल्या. अंगठ्याच्या नखानं. कच्चा वाटाणा फुटावा तसा आवाज.
फेकवेनात, म्हणून खिशात टाकल्या,
आणि दिवसभर सुट्ट्या पैशांतून त्या निघत राहिल्या.
एका म्हातारीनं तर नाण्यांबरोबर एक मोजून घेतली,
काही बोलली नाही.
कुंपणाकडच्या एका फांदीच्या तिन्ही तशाच ठेवल्यात.
त्याला सांगणार नाही.

सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित:
स्वीटपी रोज तोड. रोज. शेंग धरू देऊ नकोस.
शेंग धरली की वेलाला वाटतं, झालं आपलं.

तर मी तोडते. पोस्टात, डेपोत, न्हाव्याकडे,
ज्याच्याशी दोन वर्षं अबोला आहे त्या शेजाऱ्याच्या पायरीवरसुद्धा
दुधाच्या बाटलीत जांभळा-पांढरा जुडगा.
जितकं तोडावं तितकं येतंय,
पाऊस नाही, तरी येतंय.

वॉर्डात फुलं नेऊ देत नाहीत.
रिकाम्या हातांनी त्याच्या पलंगाशी बसले.
गुडघ्याचं त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
"नखं दाखव," म्हणाला.
दाखवली.
बराच वेळ बघत राहिला, हिरवट काळी, दहाच्या दहा.
मग जेवणाचं कार्ड पालथं करून
ऑगस्ट लिहायला घेतला.