ब्याण्णव टक्के

जुलैची एकोणतीस तारीख, दुपार.
गल्ली नंबर चारमधला माझा लोखंडी जिना वाजवत
रोशनी देवरे वर आली
आणि टेबलावर पिशवी उपडी केली.
अंड्यांच्या बावन्न पावत्या, आठवड्याला एक.
डेअरीचं कार्ड, निळ्या पेनाच्या फुल्या.
बदाम सव्वा किलो, आग्रा रोडच्या किराण्यातले.
गुडघ्याचा पट्टा. बूट. पुन्हा गुडघ्याचा पट्टा.
‘खर्चात टाका,’ म्हणाली.

देवपुरात वखारीच्या पत्र्याखाली तिची जिम आहे.
पहाटे पाचला भरतीची पोरं,
दहानंतर बायका, साडी खोचून ट्रेडमिलवर चढणाऱ्या.
त्याआधी नऊ वर्षं कुस्त्या,
साक्री, पिंपळनेर, जिथे हगामा असेल तिथे.
जिंकलेला पितळी हंडा आता दाराशी असतो,
लोक त्यात छत्र्या ठेवतात.

मी पावत्यांना चिकटलेली टरफलं झटकली.
‘धंद्यासाठी, आणि केवळ धंद्यासाठी.’
वीस वर्षं हे वाक्य
मी सुपारीसारखं गालात धरून आहे.
माणूस जेवतो तो जगायला, असं सरकारचं म्हणणं.
‘जगायला दोन अंडी पुरतात ना भाऊ?
मी आठ खाते. वरची सहा तरी टाका.’
मी खरंच कॅल्क्युलेटर ओढला.
सहा गुणिले तीनशे पासष्ट.
‘कानबाईचे रोट असतात ते चार दिवस सोडून,’
तिने प्रामाणिकपणे सांगितलं.
दोन हजार एकशे सहासष्ट.
आकडा बराच वेळ पडद्यावर राहिला.

मग मी ट्रेडमिलकडे वळलो, तिथे कायदा ऐकतो.
यंत्रावर घसारा मिळतो, वर्षाला पंधरा टक्के.
तिने उजव्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला.
‘हाई भी मशीनच शे, भाऊ. याना घसारा?’
मी पंख्याकडे पाहिलं.

(डॉक्टरांनी साखर सांगितली त्या वर्षी
चालायचे बूट मीही घेतले होते,
आणि ‘कार्यालयीन किरकोळ’मध्ये लिहून
रात्री अडीचला उठून खोडले होते.)

‘हे बघ,’ मी म्हणालो, ‘सोपा रस्ता आहे.
तुझी उलाढाल लहान, फी रोख येते.
शंभरातले आठ नफा धरायचे.
उरलेले ब्याण्णव कुठे गेले, कुणी विचारत नाही.
भाडं, वीज, अंडी, सगळं त्यातच आलं.
पावत्या लागतच नाहीत.’
कर निघाला शून्य.
वाटलं, खूश होईल.

ती पावत्या पुन्हा एकावर एक रचत बसली,
कडा जुळवून.
‘म्हणजे अंडी कुठंच लिहायची नाहीत?’
‘नाही.’
‘सासू शेजारणीला सांगते,
बाई कमावते त्याहून जास्त खाते.
मला वाटलं, सरकारी कागदावर येईल.’
खाली कुणीतरी हातगाडी रिव्हर्स घेत ओरडत होतं.
‘लिखी ठेवा ना भाऊ. कोठेतरी.’

मी लेटरहेड काढलं.
अंडी. दूध. बदाम. पट्टे, दोन.
खाली बेरीज, आणि एक ओळ:
वरील खर्च व्यवसायानिमित्त झाला आहे.
कलम नाही, तारीख आहे.
शिक्का मारला, तो थोडा तिरका बसला.
या कागदाला कुठल्याही कार्यालयात
काडीची किंमत नाही, हे तिला सांगितलं.
तिने मान हलवली, घडी केली,
मोबाइलच्या कव्हरमागे सरकवली.

जिना उतरताना एक पायरी जोरात वाजत होती,
दुसरी जपून.

तीन वाजता मी डबा उघडला.
कळण्याची भाकरी, दीड. भरीत. एक मिरची.
त्यातली धंद्याची अर्धी कुठली,
हे ठरवता ठरवता
पुढचं गिऱ्हाईक येऊन बसलं.